मूळव्याध समजून दिवस घालवू नका : शौचाच्या जागेजवळचं गळू

घाटंजीवाला | सोमवार, रात्री 9.10

नमस्कार मंडळी. मोठ्या भावासाठी विचारतोय, जरा तातडीचं आहे.

भाऊ 42 वर्षांचा. सोयाबीनची मळणी सुरू आहे, त्यामुळे दिवसभर ट्रॅक्टरवर. गेल्या आठवड्याच्या शेवटी शौचाच्या जागेजवळ दुखायला लागलं. घरात सगळ्यांनी मूळव्याधच धरली. मेडिकलमधून मलम आणलं, सोबत अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या. गोळी घेतली की चार तास बरं, मग पुन्हा ठणका. कालपासून बसणं बंद. जेवायलाही एका मांडीवर भार देऊन बसतो. आज संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. वहिनीने पाहिलं तर डाव्या बाजूला लिंबाएवढा भाग कडक, लाल आणि गरम आहे म्हणते. रक्त अजिबात पडत नाही.

आईने जवसाची पोटीस बांधली आहे. पिकेल आणि आपोआप फुटेल, असं तिचं म्हणणं. भाऊ डॉक्टरकडे यायला तयार नाही, "ती जागा कोणाला दाखवू" म्हणतो. थांबावं की न्यावं?

वऱ्हाडी_सर्जन | सोमवार, रात्री 9.32

न्यावं. थांबू नका.

मी जनरल सर्जन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान सांगता येत नाही, पण दिवसरात्र ठणका, बसता न येणं, गरम लाल कडक सूज आणि थंडी वाजून ताप हे सगळं एकत्र आलं की गुदद्वाराजवळच्या गळूचाच विचार आधी करायचा. याला गोळ्यांनी उतार पडत नाही. पू आत कोंडलेला असतो, तो चिरा देऊन बाहेर काढणं हाच उपचार.

चार गोष्टी लगेच सांगा. शुगर आहे का? लघवी अडली आहे का? सुजेवरची कातडी कुठे काळी-जांभळी पडली आहे का, दाबल्यावर कुरकुर लागते का? सूज अंडकोषाकडे किंवा मांडीकडे सरकते आहे का? यातलं एकही "हो" असेल, किंवा भाऊ असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, तर आत्ताच 108 ला फोन करा. नसेल तर उद्या सकाळचं पहिलं काम हेच. आणि निघण्याआधी सहा तास काही खाऊ देऊ नका, बहुधा भूल द्यावी लागेल. साधं पाणी निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालेल.

पोटीस काढून टाका. शेकाने जरा बरं वाटतं हे खरं, पण पू तिथेच राहतो.

घाटंजीवाला | सोमवार, रात्री 9.50

लघवी होते. कातडी लालच आहे, काळी नाही. सूज पसरत नाहीये. शुगर कधी तपासलीच नाही. वडिलांना होती.

वऱ्हाडी_सर्जन | सोमवार, रात्री 9.54

वडिलांना होती म्हणजे याची तपासायलाच हवी. सकाळी गेल्या गेल्या शुगर बघायला सांगा. आपल्याकडे कितीतरी लोकांना शुगर असल्याचं अशा गळूमुळेच पहिल्यांदा कळतं.

दारव्ह्याचा_बंड्या | सोमवार, रात्री 10.15

भौ, नेजा बावा त्याले. माह्या चुलतभावाचं असंच झालं होतं. आमी म्हनो मूयव्याध हाय, मूयव्याध हाय. एका गावात बोर्ड लावून बसलेला एक जन हाय, मूयव्याध-भगंदर बिना ऑपरेशन. त्यानं कायतरी इंजेक्शन टोचलं त्याच जागेवर, आन वरून कोनता तरी लेप लावून देला. दोन दिवसांनी सगया भाग काया पडला. नागपूरले मेडिकल कॉलेजले नेला तं तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, अजून एक दिवस उशीर झाला असता तं पोट्टा हातचा गेला असता. मोठी जखम करा लागली, कित्येक दिवस भरती होता. आता बरा हाय, पन त्याचे हाल पाह्यले म्हनून सांगून राह्यलो. लाज गेली चुलीत, जीव वाचवा.

वऱ्हाडी_सर्जन | सोमवार, रात्री 10.40

बंड्याभाऊंनी लिहिलेला प्रकार सगळ्यांनी नीट वाचावा. काळी पडलेली कातडी म्हणजे जंतूंचा संसर्ग कातडीखालच्या थरांतून वेगाने पसरतो आहे आणि तिथलं मांस मरतं आहे. याला फूर्निए गँग्रीन म्हणतात. शुगरवाल्यांत, दारू जास्त पिणाऱ्यांत आणि प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. यात माणसं दगावतात. मेलेलं मांस तातडीने काढावं लागतं, कधी दोन-तीनदा ऑपरेशन होतं. साधं गळू वेळेत फोडलं तर ही वेळ बहुतेकांवर येत नाही.

आता हे होतं कशाने ते लिहितो, कारण "उष्णतेने झालं", "तिखट खाल्लं म्हणून झालं" हे मला ओपीडीत रोज ऐकायला मिळतं आणि त्या नादात लोक ताक पीत बसतात.

गुदद्वाराच्या कडेपासून साधारण दोन सेंटीमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिथे बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. ग्रंथी मात्र असतात खोल, गुदद्वार आवळून धरणाऱ्या दोन स्नायूंच्या मधल्या फटीत. आतला स्नायू आपोआप चालतो, बाहेरचा आपल्या ताब्यात असतो. ग्रंथीचं तोंड चोंदलं की आतल्या आत जंतू वाढतात आणि पू होतो. ठिबकची नळी चोंदली की पाणी मिळेल त्या जागेने वाट काढतं, तसा हा पूसुद्धा सोपी वाट धरतो. खाली उतरला तर कातडीखाली गळू दिसतं, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. बाहेरच्या स्नायूच्या पलीकडे नितंबातल्या चरबीत गेला तर सूज मोठी, पसरट, पण वरून तितकी लाल नसते, आणि आत कितीतरी पू असतो. मागच्या बाजूने दोन्हीकडे पसरला तर घोड्याच्या नालेच्या आकाराचं गळू होतं. आणि दोन स्नायूंच्या मध्येच अडकला किंवा वर ओटीपोटाकडे चढला तर बाहेरून काहीच दिसत नाही.

हा शेवटचा प्रकार फसवतो. पेशंट ठणक्याने रडतो आहे, ताप आहे, आणि बघणारा म्हणतो इथे तर काही नाही. वर चढलेल्या गळवात कधी ओटीपोट किंवा कंबर दुखते, लघवी अडते, म्हणून पेशंट भलत्याच तपासण्या करत फिरतो. अशा वेळी एमआरआय किंवा सीटी स्कॅन, नाहीतर भूल देऊन नीट तपासणी, एवढाच मार्ग. तालुक्याला यातलं काही नसलं तरी अनुभवी माणसाने बाहेरून सोनोग्राफीचा प्रोब लावला तर बऱ्याचदा पू दिसतो.

सगळीच गळवं ग्रंथीतून होत नाहीत. टीबी, आतड्याचा क्रोन्स आजार, एचआयव्ही, जुनी जखम हीही कारणं असतात, पण ती थोडी. बहुतेकांचं मूळ ती चोंदलेली ग्रंथीच.

संत्रा_पट्टा | मंगळवार, सकाळी 6.45

वरुडहून लिहितोय. डॉक्टरसाहेब, माझ्या वडिलांचं असंच आपोआप फुटलं होतं, भसकन पू आला आणि त्याच दिवशी ठणका गेला. मग ऑपरेशन करायचंच कशाला? तुम्ही सर्जन लोक प्रत्येक गोष्टीला चाकू लावता असं वाटतं.

वऱ्हाडी_सर्जन | मंगळवार, सकाळी 7.20

फुटतं कधी कधी, आणि ठणकाही जातो, हे खरं आहे. पण आपोआप फुटलेलं छिद्र बारीक असतं. वरचा पू निघतो, खोलातला राहतो, छिद्र बुजतं आणि पुन्हा भरतं. आणि फुटण्याची वाट बघताना पू बाहेरच येईल याची हमी कोण देणार? तो आत, वर, बाजूला कुठेही जाऊ शकतो. म्हणून आम्ही गळू मऊ पडायचीसुद्धा वाट बघत नाही. "पिकू द्या, मग या" हे या जागेसाठी लागू नाही. तुमच्या वडिलांचं फुटलं त्यानंतर तिथे पुन्हा ओल, पूळी, चड्डीला डाग असं काही होतं का?

संत्रा_पट्टा | मंगळवार, सकाळी 7.31

हो, अधूनमधून पूळी येते आणि फुटते. दोनेक वर्षं झाली.

वऱ्हाडी_सर्जन | मंगळवार, सकाळी 7.40

मग ते भगंदर, म्हणजे आतून बाहेरपर्यंत तयार झालेला बोगदा, असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांनाही दाखवून घ्या, तातडी नाही पण टाळू नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो, ओपीडी सुरू झाली.

मेडिकल_काउंटर | मंगळवार, सकाळी 9.05

माझं औषधाचं दुकान आहे. माणूस काउंटरवर येतो, इकडेतिकडे बघतो, गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबतो आणि हळूच म्हणतो, "मूळव्याधीचं काही द्या." मी आता सरळ विचारायला लागलोय : रक्त पडतं का? फक्त संडासच्या वेळी दुखतं की दिवसभर? ताप आहे का? दिवसभर ठणका आणि ताप म्हटलं की मी मलम देत नाही, चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवतो. काही जण रागावतात आणि पुढच्या दुकानातून घेतात. घाटंजीवाले भाऊ, तुमच्या दुकानदाराने विचारलं असतं तर बरं झालं असतं. सर, हा फरक ओळखायचा कसा ते साध्या भाषेत एकदा लिहा. मी छापून दुकानात लावीन.

घाटंजीवाला | मंगळवार, दुपारी 3.20

सगळ्यांचे आभार. सकाळीच निघालो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बघता बघता सांगितलं की गळू आहे. शुगर 310 निघाली. सूज मोठी आणि शुगर वाढलेली म्हणून इथे नको, यवतमाळला करू म्हणाले आणि रुग्णवाहिकेतून पाठवलं. आता भरती आहे. सलाईन, इन्सुलिन, अँटिबायोटिक सुरू. संध्याकाळी घेणार आहेत. कमरेतून इंजेक्शन देऊन भूल देणार म्हणतात. भाऊ घाबरला आहे.

इथल्या एका तरुण डॉक्टरांनी पडदा ओढून, फक्त लागेल तेवढंच कापड सरकवून तपासलं. भाऊ नंतर म्हणाला, एवढंच होतं तर मी कशाला लाजलो.

आशाताई_मेळघाट | मंगळवार, सायंकाळी 5.50

भाऊंना लवकर आराम पडो.

मी गावात आशा सेविका म्हणून काम करते, बायकांच्या बाजूने बोलायचं आहे. पुरुष निदान बायकोला दाखवतो. बाई कोणालाच दाखवत नाही. आमच्या भागात एक बाई बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी तापाने फणफणलेली सापडली. घरचे म्हणत अंगावरचं दूध साचलं असेल. मी घरभेटीला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तर बसेना, बाळाला उभ्यानेच पाजत होती. त्यावरून माझ्या लक्षात आलं. तिने त्या जागेवर बिब्बा लावला होता, कातडी उतून फोड आले होते. तपासलं तर गुदद्वाराजवळ गळू. एएनएम सिस्टरला सोबत घेऊन गेलो, मोठ्या रुग्णालयात लेडी डॉक्टरांनी बघितलं आणि पू काढला. आता ठणठणीत आहे, बाळही.

बायकांसाठी एवढं सांगते की योनीच्या ओठाजवळ एका बाजूला अशीच दुखरी गाठ होते, ती वेगळी. तिला बार्थोलिन ग्रंथीचं गळू म्हणतात. पण दोन्हीला दवाखाना लागतोच, त्यामुळे आधी कोणतं आहे ते ठरवत घरी बसू नका. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना सिस्टर सोबत असावी असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि बिब्बा, रुईचा चीक, चुना यातलं काहीही त्या जागेला लावू नका.

वऱ्हाडी_सर्जन | मंगळवार, रात्री 9.30

आशाताई, उभ्याने बाळाला पाजणाऱ्या बाईकडे बघून तुम्ही ओळखलंत, यालाच निदान म्हणतात. पेशंट केबिनमध्ये येताना कसा चालतो आणि खुर्चीच्या कोणत्या कडेला टेकतो यावरून मलाही निम्मं कळलेलं असतं.

मेडिकलवाले भाऊ, तुमच्या दुकानासाठी लिहितो. शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखं चिरतं, नंतर तास-दोन तास आग होते आणि मग उतरते, ती बहुधा फिशर, म्हणजे चीर. शौचाला लालभडक रक्त पडतं पण दुखत नाही, ती बहुधा मूळव्याध. मूळव्याधीच्या बाहेरच्या कोंबात रक्त गोठलं तर अचानक निळसर, टणक, खूप दुखणारी गाठ येते, पण ताप नसतो. माकडहाडाजवळ, दोन नितंबांच्या फटीत वरच्या बाजूला गाठ आणि त्यात केस, तो पायलोनायडल सायनस. आणि शौचाशी संबंध नसलेला, दिवसरात्र चढत जाणारा ठणका, खोकललं तरी कळ, सोबत सूज किंवा ताप, हे गळू. हे ठोकताळे आहेत. कोणतंही रक्त मूळव्याधीचंच समजून सोडू नका, विशेषतः चाळिशीनंतर. त्यात कधी कॅन्सरही निघतो.

अँटिबायोटिकबद्दल नीट सांगतो. गळवाभोवती भिंत तयार झालेली असते, आतल्या पुवात औषध पुरेसं पोचत नाही. गोळ्यांनी ताप थोडा उतरतो, ठणका बोथट होतो, आणि पेशंटला वाटतं सुधारतंय. आत पू वाढतच असतो. पू काढल्यावर धडधाकट माणसाला बऱ्याचदा अँटिबायोटिकची गरजही नसते. शुगर, प्रतिकारशक्ती कमी असणं, हृदयात बसवलेली कृत्रिम झडप, किंवा आजूबाजूची कातडी बरीच लाल झालेली असेल तर मात्र द्यावं लागतं. घाटंजीच्या भावाला दिलं ते बरोबरच.

घाटंजीवाला | बुधवार, सकाळी 8.00

काल रात्री आठला ऑपरेशन झालं. अर्धा तासही लागला नाही. वाटीभर पू निघाला म्हणाले. भूल उतरल्यावर भावाचं पहिलं वाक्य, "ठणका गेला." रात्रभर झोपला, कितीतरी दिवसांनी. पू तपासणीला पाठवलाय.

जखम उघडीच ठेवली आहे, टाके नाहीत. आई सारखी विचारते, एवढं भोक तसंच कसं ठेवलं? आणि ड्रेसिंगला गॉजची पट्टी आत भरतात तेव्हा तो फार ओरडतो. ते लागतंच का?

वऱ्हाडी_सर्जन | बुधवार, दुपारी 2.10

उत्तम बातमी.

आईंना सांगा, जखम मुद्दामच उघडी ठेवली आहे. ती तळापासून वर भरत यायला हवी. टाके घालून तोंड बंद केलं, किंवा वरची कातडी आधी जुळली, तर आत पुन्हा पू साचेल. म्हणून तर आम्ही नुसती रेघ न मारता अधिक चिन्हासारखा चिरा देतो किंवा कातडीचा लहान तुकडा काढतो. लहान जखम दोन ते चार आठवड्यांत भरते, मोठीला जास्त वेळ लागतो, शुगर ताब्यात नसेल तर आणखी जास्त.

पट्टी भरण्याबद्दल : पहिल्या दिवशी रक्त थांबवण्यासाठी भरतात, ते ठीक. रोज ठासून भरायची पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. न भरलेल्यांना दुखणं कमी होतं, आणि गळू पुन्हा होण्यात किंवा भगंदर होण्यात काही फरक पडला नाही. मी स्वतः रोजचं भरणं सोडलं आहे. पण तुमच्या भावाचं गळू मोठं होतं, आतली जागा त्यांच्या सर्जनने पाहिली आहे. म्हणून त्यांनाच नम्रपणे विचारा की भरणं टाळता येईल का, किंवा ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी देता येईल का.

घरी गेल्यावर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक शौचानंतर. साधं पाणी पुरतं. टब नसेल तर कपडे धुण्याचं पसरट घमेलं घासून स्वच्छ करा आणि ते फक्त त्याच कामाला ठेवा. पाणी हाताच्या कोपराने तपासून घ्या, शुगरवाल्याला चटका चटकन कळत नाही. नंतर टिपून कोरडं करायचं आणि वर स्वच्छ पॅड. बायका पाळीत वापरतात तो सॅनिटरी पॅड चड्डीत लावला तरी चालतो, पुरुषांनी त्यात संकोच करू नये. शौच मऊ राहायला हवी, इसबगोल आणि भरपूर पाणी. शौचाने जखम बिघडेल या भीतीने जेवण तोडणारे लोक असतात, तसं करू देऊ नका. जखम भरायला वरण, अंडी, दूध हे सगळं लागतं.

गडचिरोलीची_लेक | बुधवार, रात्री 8.45

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, खूप आहे. माझ्या लहान भावाला आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही आलेला. त्याला मागच्या वर्षी असंच गळू झालं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही आधीच सिकलसेलचं कार्ड दाखवलं ते फार चांगलं केलं. अशा पेशंटला उपाशी ठेवताना सलाईन लावून ठेवतात, अंग थंड पडू देत नाहीत, ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात, नाहीतर क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, येऊ शकतो. तेव्हा घरात कोणाला सिकलसेल असेल तर फक्त "गळू आहे" म्हणू नका, कार्ड आधी टेबलावर ठेवा.

वऱ्हाडी_सर्जन | बुधवार, रात्री 9.15

शंभर टक्के बरोबर. एसएस पेशंटमध्ये जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकदही कमी असते, त्यामुळे त्यांनी एक दिवससुद्धा घरी काढू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तेही असंच आधी सांगायचं.

चांदूर_मामा | गुरुवार, सकाळी 7.10

माझा भाचा सात महिन्यांचा आहे. त्याच्या शौचाच्या जागेशेजारी वाटाण्याएवढी लाल पूळी आली आहे, मधून थोडा पू येतो. खेळतो, दूध पितो, ताप नाही. वरचं वाचून ताईने रडून घर डोक्यावर घेतलंय. त्यालाही भूल देऊन चिरा?

वऱ्हाडी_सर्जन | गुरुवार, सकाळी 7.50

ताईंना शांत करा. एक वर्षाच्या आतल्या बाळांत, आणि त्यातही मुलग्यांत, असं होतं, आणि त्याची चाल मोठ्यांपेक्षा वेगळी असते. बाळ खेळतं आहे, ताप नाही, तर बऱ्याचदा कोमट पाण्याने स्वच्छता आणि लक्ष ठेवणं एवढ्यावर भागतं, पुढे ते आपोआप बंदही होतं. पण ते तसंच आहे हे बालरोगतज्ज्ञांनी किंवा मुलांच्या सर्जननी बघून ठरवायचं, एक-दोन दिवसांत दाखवा. ताप आला, दूध तोडलं किंवा सूज वाढली तर त्याच दिवशी. घरी पिळू नका.

योजना_माहितीगार | गुरुवार, सकाळी 11.30

खर्चाच्या भीतीने लोक थांबतात म्हणून. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची, तिथे केसपेपर वगैरेंचं शुल्क लागू शकतं. पण तिथे आणि योजनेतल्या खाजगी दवाखान्यांत आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते तो सांगेल. कागद घरी राहिले म्हणून पेशंटला परत नेऊ नका, कागद मागाहून आणता येतात.

अकोटचा_वैद्य | गुरुवार, दुपारी 4.40

मी बीएएमएस, एमएस शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातला सर्जन. सुश्रुतसंहितेत भगंदर आणि त्याआधीची भगंदरपिडिका दोन्हींचं वर्णन आहे. म्हणजे आधी गळू आणि मग भगंदर हा क्रम आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत होता. सांगायचं हे की गळवाच्या अवस्थेत आम्हीही पूच काढतो, भेदन करतो, म्हणजे चिरा देतो. क्षारसूत्र, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा, हे भगंदरासाठी, गळवासाठी नाही. "ऑपरेशन नको, क्षारसूत्र करा" असं कोणी तापाने फणफणलेल्या पेशंटला सांगत असेल तर ते आयुर्वेदाच्याही विरुद्ध आहे.

भगंदर झाल्यावर मात्र क्षारसूत्र चांगला पर्याय आहे. थुहराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण 21 लेप दिलेला दोरा मार्गात ओवतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू मार्ग कापतो आणि मागून जखम भरत येते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, अनेक केंद्रांवर याची ऑपरेशनशी तुलना केली होती, 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. बरं व्हायला क्षारसूत्राने वेळ जास्त लागला, साधारण आठ आठवडे विरुद्ध चार, पण पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं.

वऱ्हाडी_सर्जन | गुरुवार, रात्री 10.05

वैद्यराज, पूर्ण सहमत. प्रशिक्षित हातांनी केलेल्या क्षारसूत्राकडे मी स्वतः पेशंट पाठवतो. भीती आहे ती बोर्डवाल्यांची. ते दोरा कुठून कुठे गेला हे न बघता ओवतात.

संत्रा पट्टावाल्या भाऊंना दिलेलं वचन राहिलं होतं. पू बाहेर गेला तरी ती मूळची ग्रंथी आतून उघडीच राहू शकते. मग आतलं तोंड आणि बाहेरची जखम यांच्यात एक बोगदा कायमचा तयार होतो. तो भगंदर, म्हणजे फिस्टुला. गळू झालेल्यांपैकी साधारण तीस ते पन्नास टक्के लोकांना पुढे हा होतो. तो ऑपरेशन नीट झालं नाही म्हणून झाला, असं समजून सर्जनशी भांडू नका. तो आजाराचाच पुढचा टप्पा आहे. गळू फोडतानाच बोगदा शोधायला सळई फिरवली तर सुजलेल्या मांसात खोटा मार्ग तयार होतो, म्हणून मी त्या वेळी ओढाताण करत नाही.

सहा-आठ आठवड्यांनीही ओल थांबत नसेल, किंवा त्याच जागी पूळी येत-फुटत असेल, तर एमआरआय करून मार्ग बघतात. मार्ग स्नायूच्या किती भागातून जातो यावर सगळं ठरतं. थोड्या भागातून जात असेल तर सरळ उघडतात. जास्त भागातून जात असेल आणि कापला तर शौचावरचा ताबा जातो, म्हणून तिथे सेटॉन, म्हणजे मार्गात ओवून ठेवायचा दोरा, किंवा दुसऱ्या पद्धती. ऑपरेशनच्या वेळी मार्गाचा तुकडा बायॉप्सीला पाठवलाच पाहिजे. आपल्या भागात त्यात टीबी निघतो. टीबी निघाला तर औषधांचा कोर्स लागतो, नाहीतर कितीही वेळा कापा, भरणार नाही. वडिलांना खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा ताप असं काही आहे का तेही डॉक्टरांना सांगा.

संत्रा_पट्टा | शुक्रवार, सकाळी 6.55

वजन घटलंय. आम्ही वयावर ढकलत होतो. सोमवारी अमरावतीला नेतो. सर, परवा चाकूबद्दल बोललो त्याचं मनात ठेवू नका.

वऱ्हाडी_सर्जन | शुक्रवार, सकाळी 7.05

अजिबात नाही, प्रश्न रास्तच होता. छातीचा एक्स-रे आणि शुगर दोन्ही करून घ्या.

घाटंजीवाला | रविवार, सायंकाळी 6.20

भाऊ घरी आला. ड्रेसिंग रोज आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, पट्टी भरणं बंद केलंय त्यामुळे आता ओरडत नाही. शुगरच्या गोळ्या सुरू. पॅडला अजून लालसर पाणी लागतं. मळणी थोडी बाकी आहे, तो ट्रॅक्टरवर कधी बसू विचारतो. आणि कोणत्या गोष्टीवर लक्ष ठेवू?

वऱ्हाडी_सर्जन | रविवार, रात्री 8.30

लालसर पाणी पहिले काही दिवस येणारच. ते रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. पुन्हा ठणका सुरू झाला, ताप आला, घट्ट दुर्गंधीचा पू आला किंवा शेजारी नवीन कडक भाग लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रुग्णालयात जा. आतला एखादा कप्पा राहून गेला असेल तर ते पहिल्या काही दिवसांतच दिसतं.

चालणं-फिरणं, घरातली हलकी कामं आजपासून चालतील. ट्रॅक्टरवरचे हादरे, घाम आणि धूळ मात्र जखम भरत आल्याशिवाय नको. तो दिवस ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना आणि डॉक्टरांना ठरवू द्या. उरलेली मळणी यंदा भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्या. पूच्या तपासणीचा रिपोर्ट आला असेल, तो आणायला विसरू नका. आणि दीड-दोन महिन्यांनी, सगळं भरलेलं दिसत असलं तरी, एकदा दाखवायला घेऊन जा.